शिमग्यातली दुसरी पालखी

माझ्या चुलत भावाच्या पायावरची पट्टी मी वाटेत तीन वेळा सोडली, आणि ती सोडायची नसते हे मला माहीत होतं. हे पहिल्याच वाक्यात लिहून टाकतो, कारण पुढे काही ठिकाणी मी बरा माणूस वाटण्याची शक्यता आहे. गावात तर मी बरीच वर्षं देवमाणूस होतो. त्या देवपणाबद्दल मला एक नारळ, एक शाल आणि दरवर्षी फणस मिळत गेला. नारळ मी फोडला, शाल पांघरली आणि फणस खाल्ले. एकही गरा घशात अडकला नाही, हेही सांगून टाकतो.

आमचं गाव मंडणगड तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. गाडीरस्ता डोंगराच्या पायथ्याशी संपायचा आणि तिथून वर आमच्या गावापर्यंत तीन वाड्या ओलांडत पायवाट यायची. मी मुंबईला एका कारखान्यात माल पाठवण्याच्या विभागात कारकून होतो. गणपती आणि शिमगा या दोन सणांना घरी येणारा चाकरमानी. येताना बिस्किटांचे पुडे आणायचे, टेरिकॉटचा शर्ट घालून मिरवायचं आणि मुंबईत आपल्यावाचून काही चालत नाही अशा थाटात बोलायचं, ही आमच्या जमातीची रीत. मी ती मन लावून पाळत असे.

त्या वर्षी माझ्याकडे मिरवायला शर्टाखेरीज आणखी एक गोष्ट होती. कारखान्यात प्रथमोपचाराचा वर्ग झाला होता आणि मी तो केला होता. केला म्हणजे, जो वर्गाला बसेल त्याला दुपारनंतर काम नव्हतं आणि बटाटेवडे होते. शिकवायला लष्करातून निवृत्त झालेला एक गृहस्थ होता. त्याने मलाच जखमी म्हणून टेबलावर आडवं पाडलं, माझ्या मांडीवर घडी ठेवून आपलं सगळं वजन टाकलं आणि म्हणाला, "असं दाबायचं. रक्त घडीच्या वर आलं तर तिच्यावरच दुसरी घडी. खालची उचलायची नाही. उघडून बघायची हौस असेल तर सिनेमाला जा." सगळे हसले. माझी मांडी चार दिवस दुखत होती, त्यामुळे तो धडा मी विसरलो होतो असं म्हणायलाही मला जागा नाही.

गावात आल्यावर मी या वर्गाबद्दल भेटेल त्याला सांगितलं. विहिरीवर सांगितलं, देवळात सांगितलं, केस कापून घेताना सांगितलं.

होळी म्हणजे आमच्याकडे झाड. गावकरी आधी झाड ठरवतात, मग मानकरी ते तोडतात, सगळा गाव ते खांद्यावरून नाचवत आणतो आणि सहाणेपुढे उभं करतो. सहाण म्हणजे पालखी बसवायची जागा. पहिला घाव घालायचा मान आमच्या घराण्याचा, म्हणजे त्या पिढीत माझ्या मोठ्या चुलत भावाचा. त्याला मी दादा म्हणतो. घाव पडत असताना भोवतीची माणसं फाका घालतात. एरवी जे शब्द आईसमोर काढले तर जेवण बंद होईल, ते त्या दिवशी देवीच्या परवानगीने मोठ्याने ओरडायचे असतात. गावातले सगळ्यात सोवळे आजोबा या बाबतीत सगळ्यात निष्णात होते.

दादाने दोन-तीन घाव घातले आणि पुढचा उचलला, तेवढ्यात कुणीतरी माझ्यावर फाक घातली. ती इथे लिहिण्यासारखी नाही. मुंबईचं पाणी पिऊन माझं काय काय आखडलं आहे, असा तिचा साधारण आशय होता. दादा खळखळून हसला. तो हसत असतानाच कुऱ्हाड खाली आली, आंब्याच्या खोडाची साल तासून निसटली आणि त्याच्या डाव्या पोटरीत आतल्या बाजूने बसली.

रक्त नुसतं वाहिलं नाही, उडालं. थांबून थांबून, नाडीच्या ठोक्याबरोबर उडत होतं. फाका बंद झाल्या. मग सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. एवढी जाहिरात केल्यावर दुसरं काय होणार?

मी शर्ट काढला आणि जखमेवर दाबला. टेरिकॉटवरून रक्त केळीच्या पानावरून पाणी घसरावं तसं घसरलं. त्या शर्टाने मुंबईचा मान राखला नाही. मग एका मानकऱ्याच्या खांद्यावरचं सुती उपरणं ओढून घेतलं, त्याची जाड घडी केली, जखमेत खोल बसवली आणि मुठीने दाबून धरली. सगळं वजन टाकलं होतं. दादा शिव्या देत होता, म्हणजे शुद्धीवर होता. बराच वेळ दाबल्यावर उडणं थांबलं. मग दुसऱ्याच्या डोक्यावरचा फेटा घेऊन घडीवरून घट्ट गुंडाळला. फेट्यावर रुपयाएवढा डाग उमटला आणि तेवढाच राहिला. इथपर्यंत मी केलं ते सगळं बरोबर होतं. मी तिथेच थांबलो असतो तर मला हे लिहायला लागलं नसतं.

आता त्याला खाली रस्त्यापर्यंत न्यायचं होतं आणि तिथून मिळेल त्या गाडीने दवाखान्यात. बांबूला घोंगडी बांधून डोली केली. उचलायला पुढे झाले ते पालखीचे भोई. खांदा बदलताना पालखी जमिनीला टेकू न देण्याची त्यांना सवय, त्यामुळे त्यांच्याहून चांगले खांदे मिळणार नव्हते. अडचण एकच झाली. उतारावर चौघांचे पाय जुळेनात. डोली एकदा इकडे, एकदा तिकडे. तेव्हा पुढच्या खांद्यावरचा तरणाबांड गडी म्हणाला, "ढोल वाजल्याबिगर पाय पडत नायत." ढोलवाला गळ्यातला ढोल काढायचं विसरून आमच्याबरोबरच धावत होता. त्याने हलकेच ठेका धरला आणि खरोखरच पाय जुळले. डोली पाण्यावरून होडी जावी तशी जाऊ लागली.

ढोल खालच्या वाड्यांना ऐकू जातो, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

पहिली वाडी आली तेव्हा बायका आरतीची ताटं घेऊन दारात उभ्या होत्या. पालखी घरोघर फिरायला अजून अवकाश होता, आणि ही न सांगता दारात आली म्हणून त्या चिडल्या होत्या. एक म्हातारी ढोलवाल्यालाच झाडायला लागली. "अजून अंगन सारवायचाय माजा, आनि तुमी आलाव पन?" दुसरीने तोवर रिवाजाप्रमाणे भोयांच्या पायांवर पाणी ओतलं होतं. आणि पायांवर पाणी पडलं की भोई थांबतो. पालखी आजवर कधी कुठलं अंगण टाळून गेली नव्हती. पाय आपोआप थांबले.

मग म्हातारीने डोलीत डोकावून पाहिलं, ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "काय झाला रं पोराला? बगू."

बगू. एवढाच शब्द. नाही म्हणायला काय लागत होतं? पण भोवती पंधरा-वीस माणसं जमली होती आणि ती सगळी माझ्या तोंडाकडे पाहत होती. मुंबईत मला 'माल कधी निघणार?' याखेरीज कुणी काही विचारत नसे. मी फेटा सोडला. घडी उचलून दाखवली. कुऱ्हाड कुठून गेली, शीर कुठे असते, मी कसं दाबलं, हे सगळं समजावून सांगितलं. आत जे रक्त साकळून दार लावून बसलं होतं ते घडीला चिकटून वर आलं आणि खालून पुन्हा उडायला लागलं. कुणीतरी हळदीची मूठ टाकली, कुणी चुना पुढे केला, कुणी कोळ्याचं जाळं शोधायला पळालं. मी पुन्हा दाबलं, पुन्हा बांधलं. आधीपेक्षा जास्त वेळ लागला.

दुसऱ्या वाडीत तेच. ढोल, ताटं, पाणी, पाय थांबले, बगू. तिथल्या एका काकांनी आपल्या म्हशीचं शिंग मोडलं तेव्हा काय केलं ते सविस्तर सांगितलं आणि मग जखम पाहायला मागितली, जणू म्हशीच्या वतीने. मी पुन्हा उघडली. दादा तोवर पांढरा पडायला लागला होता, तरी मान वर करून म्हणाला, "देवीलासुदा एवडी उगडी करून दावीत नाय रं."

सगळे हसले. मीही हसलो. त्याचं ते वाक्य मला अजून ऐकू येतं. त्याने थट्टेत का होईना, मला थांब असं सांगितलं होतं.

तिसरी वाडी रस्त्याला लागूनच. तिथे शाळेचे गुरुजी भेटले. शिकलेला माणूस, त्यांनी आरतीचं ताट आणलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, "पाहू." गुरुजींना मी कधीकाळी सगळे पाढे चुकीचे म्हणून दाखवले होते. आज काहीतरी बरोबर दाखवायची संधी होती. एव्हाना दादा पुन्हा पुन्हा पाणी मागत होता, जांभया देत होता, अंगाला थंड घाम सुटला होता आणि बोलणं एका जागेवर राहत नव्हतं. मी हे सगळं पाहिलं आणि तरी गाठ सोडली.

रक्त आलं, पण आधीसारखं उडालं नाही. नुसतंच आलं. आणि मी गुरुजींना म्हणालो, "बघा, कमी झालंय."

कमी का झालंय, हे त्या घोळक्यात कुणाच्या लक्षात आलं असेल तर ते ढोलवाल्याच्या. त्याने ठेका थांबवला होता. तेवढ्यात वहिनी, म्हणजे दादाची बायको, आडवाटेने धावत येऊन पोहोचली. ती जखमेकडे गेलीच नाही. तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "भावोजी, ह्यांचे ओठ बगा."

मी ओठ पाहिले. राखेच्या रंगाचे होते. त्या क्षणी माझ्या डोक्यातला कारकून, चाकरमानी, वर्गातला हुशार विद्यार्थी, सगळे एकदम पळून गेले आणि मागे एक घाबरलेला माणूस उरला. त्या माणसाने जे करायचं ते केलं. कुणाचा तरी पंचा घेऊन जुन्या घडीवर ठेवला, खालचं काही न उचलता, आणि दोन्ही हातांनी, खांद्यापासून वजन टाकून दाबलं. गुरुजी अजून काहीतरी विचारत होते. मी त्यांना एक शिमग्याचा शब्द ऐकवला. त्यांनी चष्मा काढून पुन्हा पुसला.

रस्त्यावर जांभ्या दगडाचे चिरे उतरवून परत निघालेला एक ट्रक मिळाला. मागच्या फळीवर लाल भुकटी पसरलेली. तिच्यावर घोंगडी टाकून दादाला निजवलं, त्याचे पाय मागे उरलेल्या दोन चिऱ्यांवर उंच ठेवले, अंगावर सापडेल ते पांघरूण घातलं. मी गुडघ्यांवर बसून दाबत राहिलो. प्रत्येक खड्ड्याला वाटे, हात सुटला. हातांना मुंग्या आल्या, मग हात आहेत की नाहीत तेही कळेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, थांबलंय का ते एकदा बघावं, नुसतं एकदा, ही खाज काही जाईना. ती खाज मला पाणी प्यायच्या तहानेसारखी लागली होती. पण उचललं नाही.

दादाचे डोळे मिटत होते. वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती त्याला हाका मारत होती, मुलांची नावं घेत होती, देवीची शपथ घालत होती, आणि तो कशालाच उत्तर देत नव्हता. मग ती त्याच्या कानाशी वाकली आणि तिने एक फाक घातली. हळू आवाजात, पण स्पष्ट. बायकांनी त्या घालायच्या नसतात, पण वर्षानुवर्षं दाराआडून ऐकलेल्या असतात. दादाचा ओठ हलला. तिने दुसरी घातली. ती माझ्याही ऐकण्यात नव्हती. दादाने डोळे उघडले आणि पुटपुटला, "ही कुठं शिकलीस?" तिने सांगितलं, "तुज्याच आयशीकडनं." दवाखाना येईपर्यंत ती माउली एकामागून एक तोंडाला येईल ते बोलत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पुढे बसलेला ड्रायव्हर मागे वळून पाहायचं धाडस करत नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी शीर बांधली, दोन्ही हातांना सलाइन लावलं आणि दुसऱ्या दिवशी पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवलं. दादा वाचला. पाऊल मात्र पुढे कायम अर्धं बधिर राहिलं, चालताना डावा पाय फेकावा लागतो. हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी हात धुता धुता डॉक्टर म्हणाले, "दाब छान धरला होता. कुणी धरला?" मी मान खाली घातली, म्हणजे कुणी ते त्यांना कळलं. मग ते म्हणाले, "पण मग एवढं रक्त गेलं कसं?"

मी म्हणालो, "डोली फार हलली."

पुढच्या खांद्यावरचा तो गडी दारातच उभा होता. ट्रकच्या मागून पायी पायी आला होता, खांद्यावर बांबूचा वळ उठलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन बसला.

पुढच्या शिमग्याला सहाणेसमोर माझा सत्कार झाला. शाल आणि नारळ तेव्हाचे. त्याच बैठकीत भोयांची हजेरी घेतली गेली. शिमग्यात पालखी नाचवतात, आणि ही पोरं आडदांड, तेव्हा यांनी डोलीसुद्धा नाचवली असणार, असा गावाने निष्कर्ष काढला. पुढच्या खांद्यावरच्या गड्याला पालखीच्या मागच्या खांद्यावर पाठवलं. मी शालीची घडी नीट करत बसलो होतो.

दादाचं प्रेम तर ऊतू गेलं. त्याला वाटेत काय झालं ते धड आठवत नव्हतं, किंवा आठवत असलं तरी त्याचा अर्थ त्याने आपल्या सोयीने, म्हणजे माझ्या सोयीने लावला होता. मे महिन्यात गावाहून येणाऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर बसून फणस माझ्या चाळीतल्या खोलीत यायचा. बरोबर निरोप, 'माजा जीव वाचवलान, त्याला द्या.' बायको म्हणायची, किती मायाळू माणसं. मी गरे मोजून शेजाऱ्यांना वाटायचो आणि सर्वांत चांगले स्वतःला ठेवायचो.

याहून मोठा घोटाळा मला दोन-तीन वर्षांनी कळला. दादा गावात रक्ताचा जाणकार झाला होता. कुणाला विळा लागो, कुणाचं डोकं फुटो, दादाला बोलावणं जायचं. तो पाय फेकत यायचा, फडकं बांधायचा, आणि थोड्या थोड्या वेळाने सोडायचा. वारा लागला पाहिजे, आतलं वाईट रक्त जाऊ दिलं पाहिजे, आणि चार माणसांनी बघितलं तर जखमेला बरं वाटतं, असं त्याचं शास्त्र तयार झालं होतं. पुरावा म्हणून तो आपला पाय दाखवायचा. "भाऊनं मला वाडी-वाडीला उगडून वारा दिलान. म्हणून तर हाय मी." लोकांच्या जखमा लहान असायच्या, त्या तरीही बऱ्या व्हायच्या, त्यामुळे शास्त्र आणखी पक्कं झालं. माझी हौस आता गावची पद्धत झाली होती. मला हे सांगणारा हसत होता. मीही हसलो. हसण्याच्या बाबतीत मी कधी मागे राहिलो नाही.

मग एका मे महिन्यात मी घरी गेलो. तोवर गावापर्यंत कच्चा रस्ता आला होता आणि एक जीप रोज खाली-वर करायची. मी येणार म्हणून दादाने झाडावरचा सर्वांत मोठा फणस राखून ठेवला होता. फणस कापताना चीक लागू नये म्हणून हाताला खोबरेल तेल लावतात. वहिनीने कोपरापर्यंत तेल चोपडलं, कोयता उचलला आणि मागे वळून मला म्हणाली, "भावोजी, तुमच्यासाठी म्हणून कुणाला हात लावू दिला नाय." मी पाय धुवायला मागच्या दारी गेलो. तेलकट मुठीतून कोयता फिरला आणि तिच्या डाव्या हाताला मनगटाच्या वर, आतल्या बाजूने लागला.

ओरडा ऐकून मी आलो तेव्हा अंगणात शेजारपाजार जमला होता. मध्ये दादा. चेहऱ्यावर जाणकाराची शांतता. कुणीतरी लुगड्याचा तुकडा घट्ट बांधला होता आणि दादा तो सोडत होता. "घाबरायचा काय नाय. वारा लागू दे. बगा, बगा सगळ्यांनी, अशी शीर दिसते." तुकडा सुटला आणि रक्त त्याच्या सदऱ्यावर उडालं. मला ते उडणं ओळखीचं होतं.

"उघडू नको, दादा."

"अरं, तूच तर—"

"मी चुकलो होतो. दाब त्याच्यावर. दाब."

तो गोंधळून माझ्याकडे पाहायला लागला. त्याच्या हातात तो तुकडा तसाच. वहिनी पांढरी पडली होती, पण तिची जीभ शाबूत होती. "तुमचा भावाभावांचा काय तो न्याय मागनं करा. आदी कुणीतरी दाबा माजा हात."

मी घडी केली, जखमेत बसवली आणि दाबली. हात माझा होता, वजन माझं होतं, आणि दादाचा हात मी ओढून माझ्या हातावर ठेवला. जीप आणायला कुणीतरी पळालं. जीप चालवत होता तो पूर्वीचा भोई, पुढच्या खांद्यावरून मागच्या खांद्यावर गेलेला. त्याने मागचं दार उघडलं.

खालच्या वाडीत माणसं रस्त्यावर आली होती. जीपवाल्याने सवयीने वेग कमी केला. एक बाई खिडकीशी आली आणि म्हणाली, "काय झाला? बगू." मी 'थांबू नको' म्हणणार होतो. पण माझ्या आधी दादाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि भर मे महिन्यात अशी एक फाक ठोकली की रस्ता मोकळा झाला. पुढच्या वाड्या आम्ही न थांबता पार केल्या.

वहिनीच्या हाताचं आधी सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. टाके पडले, हात बरा झाला, मूठ वळते. ती अजूनही फणस कापते. तेल मात्र आता फणस धरायच्या हातालाच लावते, कोयत्याच्या हाताला नाही.

पण जीपमध्ये हे ठाऊक नव्हतं. तिथे फक्त घडी होती, तिच्याखाली तिचा हात आणि वर आमचे दोघांचे हात. ती उघडायची नव्हती. उघडायचं असं दुसरंच काहीतरी होतं आणि त्याला बरीच वर्षं झाली होती. मी बोलायला लागलो. वर्गातल्या शिक्षकाने काय सांगितलं होतं ते सांगितलं. तिन्ही वाड्यांत मी काय केलं ते सांगितलं. आरशात जीपवाल्याचे डोळे दिसत होते, ते माझ्यावर होते की रस्त्यावर, ते कळत नव्हतं.

दादाने माझ्या हातावरचा आपला हात नीट बसवला. मग म्हणाला, "पैल्या वाडीतच रगत परत उडाला. तवा कळला नाय तुला?"

"कळलं."

"मग?"

"लोक बघत होते. मला बरं वाटत होतं."

त्याने आपल्या बधिर पावलाकडे पाहिलं. वहिनी डोळे मिटूनच म्हणाली, "भावोजी, हात ढिला पडतोय." मी पुन्हा वजन टाकलं. दादानेही टाकलं. माझा हात त्याच्या हाताखाली दुखेपर्यंत दाबला गेला आणि मला वाटलं, दाबू दे.

मी आधी पुढे पाहून म्हणालो, "डोली तू हलवली नव्हतीस. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं. माफ कर." जीपवाल्याने गिअर बदलला.

मग मी दादाकडे वळलो. हात उचलता येत नव्हते, त्यामुळे हात जोडता आले नाहीत, पायांना हात लावता आला नाही. नुसतं तोंडानेच बोलावं लागलं.

"दादा, मी तुला वाचवलं नाही. लोकांनी माझ्याकडे बघावं म्हणून मी तुझं रक्त सांडलं, आणि वर तुझे फणस खाल्ले. मला माफ कर."